घरातले ब्लॅक अँड व्हाईट फोटो करडे, मेलेले का येतात? या चुका टाळा

सगळ्यात पहिली चूक, आणि ही जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणजे फोटो फसला की त्याला ब्लॅक अँड व्हाईट करून टाकायचं. ट्यूबलाईटचा हिरवट रंग आला, मागे कुणाची तरी भडक निळी बादली आली, की मारला मोनो फिल्टर. कधीकधी चालून जातं. पण रंग गेल्यावर फोटोत उरतं काय, तर उजेड, सावली, आकार आणि पोत, आणि हे आधीपासूनच नसेल तर हातात एक करडा चौकोन राहतो बस. म्हणून काढायच्या आधीच ठरवा की हा बिनरंगाचा आहे. आयफोनच्या कॅमेऱ्यात मोनो किंवा नॉयर हा ब्लॅक अँड व्हाईट फिल्टर लावून मगच फ्रेम बघा, नंतर एडिटमध्ये जाऊन रंग परत आणता येतात. मोठा कॅमेरा असेल तर रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, सगळी माहिती असलेली फाईल) आणि जेपेग (नेहमीची तयार फोटो फाईल) दोन्ही साठवायचं सेटिंग ठेवा आणि पिक्चर स्टाईल मोनोक्रोम, म्हणजे स्क्रीनवर करडं दिसतं आणि रॉ फाईलमध्ये सगळे रंग शाबूत असतात. पुढे हे रंग लागणार आहेत, का ते सांगतो.

मंडईत जाऊन लालभडक टोमॅटोंचा ढीग आणि शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या, असा फोटो काढा. रंगीत असताना काय दिसतो! ब्लॅक अँड व्हाईट केला की टोमॅटो आणि कोथिंबीर एकाच करड्या रंगाचे, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं तेच कळत नाही. कारण सोपंय, नेहमीच्या सूत्रात करडा रंग बनवताना लाल साधारण ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के धरतात, त्यामुळे भडक लाल आणि गडद हिरवा दोघं एकाच जागी येऊन बसतात. हिरव्या साडीवर लाल काठ असेल तर काठ गायब होतो तो यामुळेच. उपाय म्हणजे स्नॅपसीड या फोटो एडिटिंग अ‍ॅपच्या ब्लॅक अँड व्हाईटमध्ये रंगांचे फिल्टर आहेत, तिथे लाल निवडा, टोमॅटो उजळतील आणि कोथिंबीर गडद होईल, हिरवा निवडा की उलटं. लाइटरूम या दुसऱ्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी मिळते, ती अजून चांगली. फिल्मच्या जमान्यात लोक लेन्सवर खरोखरची लाल किंवा पिवळी काच लावायचे, निळं आकाश गडद करून ढग उठून दिसावेत म्हणून, तेच तत्त्व आहे हे.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. आपल्या त्वचेत लाल आणि नारिंगीचा भाग जास्त असतो, म्हणून नारिंगीची पट्टी वर नेली की माणूस लगेच गोरा दिसायला लागतो, डाग जातात, सुरकुत्याही फिक्या होतात, आणि घरचे म्हणतात किती छान आलाय फोटो. करू नका असं. आजीचा सावळा रंग हा तिच्या चेहऱ्याचा भाग आहे, तो फोटोतही सावळाच दिसला पाहिजे, नारिंगी थोडी खालीच ठेवा, चेहऱ्याचा पोत किती सुंदर येतो ते बघा.

आता करडेपणाचं दुसरं कारण, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते. कॅमेरा समोर जे असेल ते मधल्या करड्याकडे ओढतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की समोर पांढरं धोतर आहे का काळा तवा. त्यामुळे दोरीवर वाळणारी पांढरी चादर मळकी येते आणि लोखंडी कढई राखाडी येते. पांढरं जास्त असेल तर एक्स्पोजर थोडं वाढवा, अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), काळं जास्त असेल तर तेवढंच कमी करा. फोनमध्ये बोट टेकवलं की सूर्याचं चिन्ह येतं, तेच वरखाली करायचं. स्टीलचे डबे मात्र जपून, त्यांच्यावरची चमक एकदा पूर्ण पांढरी होऊन फुटली की ती परत येत नाही, तिथे चमक वाचेल इतकं कमीच ठेवा आणि सावल्या नंतर उचला.

काँट्रास्टची, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारी पट्टी शेवटपर्यंत ओढणं ही याचीच पुढची चूक, काळ्यात काहीच दिसत नाही मग. थोडा काळा हवाच, पण त्या काळ्यात पातेल्याची कड तरी दिसू दे.

आणि उजेड. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, सकाळी साडेसात-आठला ऊन तिरपं ओट्यावर येतं, तेव्हा परातीतल्या कणकेवर आईच्या बोटांचे ठसे एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसतात, कपबशीची सावली हातभर लांब पडते, ग्रीलची नक्षी फरशीवर उतरते. त्याच ओट्यावर दुपारी बाराला काहीच नसतं. मी कितीतरी महिने ट्यूबलाईट चालू ठेवूनच फोटो काढत होतो आणि ते सपाट का येतात कळत नव्हतं, कारण वरून पडणारा तो उजेड खिडकीच्या सावल्या पुसून टाकत होता. ट्यूब बंद करा, खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला घ्या. पावसाळ्यात ढगाळ उजेडात सावल्याच नसतात, तेव्हा घरातल्या पोताच्या मागे लागू नका, बाहेर पडा, ओला रस्ता, छत्र्या, डबक्यातलं प्रतिबिंब, ते दिवस त्याचे.

विषयाची पण एक चूक आहे. ब्लॅक अँड व्हाईट म्हटलं की लोक पडका वाडा, सुरकुतलेला म्हातारा किंवा फुटपाथवर झोपलेलं कुणीतरी शोधत फिरतात, तेही न विचारता. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला बघा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, स्वातंत्र्याच्या काळातले त्यांचे दिल्लीतले फोटो सगळ्यांना माहीत असतात, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पण १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईतलं साधं रोजचं जगणं आणि कॉलेजातल्या मैत्रिणी टिपल्या, ते फोटो बघाच. किती मोकळी, हसती माणसं आहेत ती. जवळच्या माणसांना जवळून बघितलंय म्हणून तसं आलंय.

नॉईजची, म्हणजे कमी उजेडात फोटोवर येणाऱ्या ठिपक्यांची भीती नको. अंधारात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) १६०० किंवा ३२०० वर गेला तरी ब्लॅक अँड व्हाईटमध्ये रंगीत ठिपके दिसत नाहीत, नुसता दाणा उरतो आणि तो बरा वाटतो. नॉईज कमी करायची पट्टी मात्र ओढू नका, चेहरे मेणाचे होतात.

शेवटचं प्रिंटचं. आईच्या हातांचे बारा फोटो मी एका लॅबमध्ये दिले आणि सगळे हिरवट झाक घेऊन आले, फार वाईट वाटलं. बऱ्याच लॅब रंगीत कागदावरच ब्लॅक अँड व्हाईट छापतात, त्यामुळे मशीनचा तोल जरा ढळला की झाक येते. आता मी आधी एकच चार बाय सहाचा प्रिंट मागतो, तो दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी धरून बघतो, कारण लॅबच्या पिवळ्या दिव्याखाली झाक लपते, आणि मगच बाकीचे मॅट कागदावर काढायला सांगतो.