पाठीतलं पाणी तपासायचं ठरलं, तर घरच्यांनी काय करावं

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) तापाचा रुग्ण आणलाय, मान ताठरलीय, बोलणं असंबद्ध होतंय. डॉक्टर सांगतात, लंबर पंक्चर करायला हवं, म्हणजे कमरेत सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी तपासायला काढायला हवं. घरची माणसं नेमकी इथेच सही करायला अडतात, कारण ‘पाय लुळे पडतात’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून घालतात. सिझेरियनच्या वेळी भूल देतात, तीही साधारण तिथेच. पाणी घेतात १० ते १५ मिलिलिटर. शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं बनवतं. शंका असतील त्या लगेच विचारा, पण मेंदूज्वराचा संशय असताना नातेवाइकांची वाट पाहत दिवस घालवू नका.

आधी औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते सांगायलाच हवं. सुईच्या जागी आत रक्त साचून नसांवर दाब येऊ शकतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मेंदूतला दाब वाढल्याची शंका असेल तर आधी सीटी स्कॅन होतो, त्याला उशीर समजू नका.

मग कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. पाठ जितकी बाहेर येईल तितकी मणक्यांमधली फट मोकळी होते, म्हणून निम्मं काम रुग्णाच्या हातात असतं. भुलीचं इंजेक्शन चुरचुरतं, नंतर फक्त दाब जाणवतो. पायात कळ गेली तर दचकून हलायचं नाही. कुठल्या पायात, ते तोंडाने सांगायचं. डॉक्टर सुईची दिशा बदलतात.

नंतर काहींचं डोकं दुखतं. उठलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं. बोथट टोकाच्या बारीक सुईने हा त्रास कमी होतो. ती मिळेल का, हे आधीच विचारा. दिवसभर सपाट झोपवून ठेवल्याने तो टळत नाही, पण सुरू झाला तर आडवं राहावं. काणकोण, वाळपईपर्यंत परतायचं असेल तर गाडीत आडवं होता येईल अशी सोय करा.

पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी अडणं, सुईच्या जागेतून पाणी झिरपणं, पुन्हा ताप येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.