आबा, औषधात हात घालू नका

तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षबागांच्या फळछाटण्या सुरू झाल्यात आणि परतीचा पाऊस काही हलत नाही. पोंग्यापासून (डोळे फुटायला लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत डाऊनी ही बुरशी दबा धरून बसणार, म्हणजे फवारणीचा ब्लोअर दिवसाआड चालणार. बागेची कामं तुम्हाला पाठ आहेत:

- छाटलेल्या काड्या, पानं बागेबाहेर
- बोर्डो 1 टक्का: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर
- पोंग्यात मँकोझेब 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम
- दाट फुटी विरळ, चर मोकळे

आता हातांचं. टाकीत कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळणारे बहुतेक साठी ओलांडलेलेच दिसतात. "चाळीस वर्षं मारतोय, काय झालं?" पुढं कधीतरी बोटांना मुंग्या येतात, चहाची बशी थरथरते, आणि घरचे म्हणतात, वय झालं. वयानं नसा मंदावतात, खरंय. पण क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट औषधं नसेचा निरोप पुसणारं एन्झाइमच बंद पाडतात. निरोप जातच राहतो: घाम, लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, स्नायूंची फडफड. उतारवयात यकृत आणि मूत्रपिंडही हळू चालतात, विष अंगात जास्त वेळ राहतं. मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या डोपामाइनच्या पेशी वयानं तशाही घटतात. पॅराक्वाट तणनाशकाचा संबंध कंपवाताशी जोडला जातो तो तिथंच. ते पोटात गेलं तर उतारा नाही.

पेस्टिंगला, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला औषध लावताना, तर फडकं बुडवून उघड्या हातानं हायड्रोजन सायनामाइड लावतात. कातडी भाजते ते वेगळं. संध्याकाळी दारू घेतली तर तोंड लाल, छाती धडधड, दम लागतो. आदल्या दिवसापासून पुढं आठवडाभर घेऊ नका.

दुकानदार तीन औषधांबरोबर टॉनिक गळ्यात मारेल. ते राहू द्या, त्या पैशात कोपरापर्यंतचे नायट्राइल हातमोजे घ्या, चार जोड तरी येतील. सुती नकोत, ते औषध पिऊन कातडीला चिकटून बसतात. आणि घरच्यांनो, डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारीची खूण दिसली तर आबांना टाकीजवळ जाऊच देऊ नका. बांधावरच्या गवताचे तुरे वाऱ्यानं सारखे एका बाजूला झुकायला लागले की मी फवारा थांबवतो. शिफारशीत असलं काही नाही, माझा आपला अंदाज.

फवारताना मळमळ, अंधारी आली तर कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, 108 ला फोन करा. औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरांना नुसतं "पांढरं होतं" सांगून भागत नाही.