महागडे आयईएम ताडून बघताय? या चुका टाळा

‘आयई ९०० चा बेस जास्त खोल, यू१२टीचा ट्रेबल मोकळा, अँड्रोमेडा जरा पातळ.’ आयईएम म्हणजे कानात खोचून बसवायचे इअरफोन, ही त्यांची तीन मॉडेल्स; बेस म्हणजे खालचे सूर, ट्रेबल म्हणजे वरचे. असा निकाल कुणी पाच मिनिटांत सुनावला की मी एवढंच विचारतो, आवाजाची पातळी सारखी केली होती का? उत्तर येतं, ‘अंदाजाने केली.’ म्हणजे केली नव्हती.

या छंदात नव्याने आलेली मंडळी ड्रायव्हर (आत आवाज निर्माण करणारे भाग) किती, केबल तांब्याची की चांदीची, यावर तासन् तास बोलतात. पण तुलना करताना ज्या गोष्टी खरोखर आवाज बदलतात, त्या तपासायचा त्यांना कंटाळा. त्यातली पहिली ही पातळीचीच.

पातळी न जुळवता निकाल देणं

दोन आयईएम एकाच डोंगलला (फोनला जोडायच्या छोट्या डॅक-अँपला), एकाच आकड्यावर लावले म्हणजे ते सारख्या आवाजात वाजतात असं नाही. कंपन्या संवेदनशीलता (किती विजेला किती मोठा आवाज) कधी मिलिवॅटमागे सांगतात, कधी व्होल्टमागे, आणि लोक खोक्यांवरचे हे दोन वेगळे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करतात. दोन्ही आकडे मिलिवॅटचेच असले तरी सुटका नाही. समजा, एक आयईएम १६ ओहमचे, दुसरे ३२ ओहमचे, आणि दोन्हींवर लिहिलंय मिलिवॅटला ११० डेसिबल. त्याच व्होल्टेजला १६ ओहमवाल्यात दुप्पट पॉवर जाते, म्हणजे ते ३ डेसिबल मोठे वाजतात.

३ डेसिबलचा फरक निदान लक्षात तरी येतो. घात होतो तो एखाद्या डेसिबलच्या फरकाने. तो ‘आवाज मोठा आहे’ असा जाणवतच नाही. ‘डिटेल जास्त आहे’, ‘बेस भरदार आहे’, ‘गायक पुढे आलाय’ अशा रूपात जाणवतो. शिवाय पातळी बदलली की कानाला बेस आणि ट्रेबल किती ऐकू येतो याचं प्रमाणही बदलतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी याचे आलेख १९३३ मध्येच मांडले होते. तरीही रोज कुणीतरी नव्याने ‘हा जास्त रिझॉल्व्हिंग (बारकावे दाखवणारा) आहे’ असा शोध लावतो आणि तो शोध व्हॉल्यूमच्या दोन खुणांचा निघतो.

माझी पद्धत साधी आहे. ७११ धाटणीचा एक स्वस्त कपलर, म्हणजे कानाच्या नळीची नक्कल करणारा मायक्रोफोन, घेऊन ठेवलाय. पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला खरखराट) वाजवायचा, दोन्ही आयईएम अर्ध्या डेसिबलच्या आत आणायचे आणि डॅकवरचा (डोंगलवरचा) व्हॉल्यूमचा आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या डबीत टाकायचा. पिंक नॉइजऐवजी १ किलोहर्ट्झचा सूर घ्यावा असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. एकाच सुरावर जुळवलं की नेमका तिथे ज्या आयईएमचा आलेख खाली बसलेला असतो, ते बाकी सगळीकडे मोठे वाजू लागतात.

कपलर नसेल तर एक गरीब उपाय आहे. जे आयईएम जास्त आवडले, त्यांचा आवाज दोन खुणा कमी करून तेच कडवं पुन्हा ऐका. तरीही तेच आवडले तर पुढे बोलू. फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप मात्र टिपेच्या, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोपीच्या, तोंडाशी धरू नका. हात जरासा हलला की आकडा बदलतो, आणि सील (घट्ट बंद जागा) नसल्यामुळे बेस त्यात जवळजवळ येतच नाही.

टू-पिन उलटी बसणं, आणि त्याला साउंडस्टेज म्हणणं

पुण्यात कर्वेनगरला एका परिचिताच्या घरी आम्ही काही जण आपापली डबडी घेऊन जमलो होतो. नाशिकहून एक तरुण आला होता. सेकंड हँड घेतलेले, भरपूर ड्रायव्हरवाले महाग आयईएम, आणि त्यांना हौसेने लावलेली नवी कोरी केबल. डबी हातोहात फिरली. पहिला म्हणाला, ‘काय साउंडस्टेज आहे राव!’ म्हणजे आवाज केवढ्या जागेत पसरल्यासारखा वाटतो ते. दुसऱ्याला आवाज थेट डोक्याबाहेरून येत होता. तिसऱ्याने ‘होलोग्राफिक’ हा शब्द काढला आणि तिथेच मला शंका आली.

माझ्या हाती आल्यावर मी नेहमीप्रमाणे एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावलं. मोनोमध्ये गायक डोक्याच्या बरोबर मध्ये, खिळा ठोकल्यासारखा उभा राहायला हवा. इथे गायकाला जागाच नव्हती. तो दोन्ही कानांमागे सांडला होता, आणि डग्ग्याचा घुमारा कुठेतरी विरून गेला होता. केबल बघितली, तर डाव्या बाजूची टू-पिन, म्हणजे आयईएममध्ये खोचायचं दोन खांबांचं टोक, उलटी खोचलेली.

टू-पिनचे दोन्ही खांब ०.७८ मिलिमीटरचे, अगदी सारखे. सॉकेटला खाच नसेल तर ते कसेही बसतात. एकच बाजू उलटी झाली की एका कानात दाब वाढतो त्याच क्षणी दुसऱ्या कानात तो कमी होतो. स्पीकरसारखा इथे हवेत आवाज आवाजाला मारत नाही, पण दोन्ही कानांकडून उलट निरोप आल्यावर मध्यभाग कुठे मांडायचा हे मेंदूला कळेनासं होतं. मग बेस पोकळ वाटतो आणि आवाज पसरट. दोन्ही बाजू उलट्या बसल्या तर सहसा काहीच कळत नाही. गोंधळ होतो तो एकच उलटी बसली की.

मी ती बाजू काढून सुलटी केली. गायक जागेवर आला, डग्गा परतला. तरुणाने ऐकलं, जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘काका, आधी जास्त मोठं वाटत होतं.’ साउंडस्टेजवाल्यांपैकी दोघांनी माना डोलावल्या. निघेपर्यंत त्या पठ्ठ्याने केबल पुन्हा उलटी करून ठेवली होती. आवड त्याची, माझी हरकत नाही. पण त्याच जोडीवरून तो इतर आयईएमना ‘कोंडलेले’ म्हणणार असेल तर हरकत आहे.

नवी केबल आली की मी दोन्ही कनेक्टरांवर बाहेरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका देतो. त्यानंतर मोनो ऐकल्याशिवाय एक शब्दही लिहीत नाही.

टिपांना दुय्यम समजणं

लाखाच्या घरातले आयईएम घेणारा माणूस खोक्यात आल्या त्या मधल्या टिपा चढवतो आणि ‘बेसच नाही’ म्हणतो. सील सुटलं की सगळ्यात आधी बेस जातो, आणि बाकीचं आपोआप पातळ आणि टोचरं वाटतं. ४० हर्ट्झचा सूर लावा आणि आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला तर तुमच्या टिपा चुकल्यात. दोन्ही कान स्वतंत्र तपासा. पुष्कळांना डाव्या आणि उजव्या कानाला वेगळ्या मापाच्या टिपा लागतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

‘तुलना न्याय्य व्हावी म्हणून दोन्हींना एकच टीप लावली’ असं म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. नळीची जाडी वेगळी, कोन वेगळा, मग तीच टीप दोन्हींवर सारखी कशी बसणार? ज्याला जी नीट बसते ती लावा आणि कुठली लावली ते सांगा. मेमरी फोम सगळ्यांवर चढवून बघण्याचा शॉर्टकटही नको, तो बहुतेकदा ट्रेबलची धार मारतो.

आलेखात ८ किलोहर्ट्झच्या आसपास दिसणारा सुळकाही याच प्रकरणातला. तो बऱ्याचदा आयईएमचा नसतो. टिपेचं तोंड आणि कपलरचा पडदा यांमधल्या लांबीमुळे तिथे अनुनाद होतो, आणि मोजणारे लोक आयईएम आत-बाहेर सरकवून तो मुद्दाम ८ च्या जवळ आणतात, म्हणजे दोन आलेख शेजारी ठेवता येतात. तुमच्या कानात किती खोल जातंय त्यावर तो खाली-वर होणार. तेव्हा ‘ग्राफमध्ये ८ केला शिखर आहे, मला टोचेल’ असं न ऐकता ठरवू नका.

आणि ६४ ऑडिओवाल्यांनो (यू१२टी याच कंपनीचे), भांडण्याआधी कुठलं अ‍ॅपेक्स मॉड्यूल, म्हणजे कानातला दाब सोडणारा बदलता तुकडा, लावलंय ते आधी बोला. एम१५ आणि एम२० मध्ये बेस वेगळा, बाहेरचा आवाज अडवण्याची ताकद वेगळी. एक जण एम१५ लावून आणि दुसरा एम२० लावून यू१२टीवर वाद घालतात तेव्हा दोघंही बरोबर असतात.

सोर्सचा आउटपुट इम्पीडन्स

मल्टी-बीए आयईएमचा (अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरवाल्यांचा) इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, फ्रिक्वेन्सीनुसार वर-खाली होतो. समजा, तो एका जागी ८ ओहम आणि दुसऱ्या जागी ३० आहे. सोर्स (डोंगल किंवा अँप) अर्ध्या ओहमचा असेल तर दोन जागांमध्ये जेमतेम ०.४ डेसिबलचा फरक पडतो. १० ओहमचा असेल तर साडेचार. हा फरक अँपच्या ‘स्वभावाचा’ नाही, साध्या भागाकाराचा आहे. कॅम्पफायरचे अँड्रोमेडा यासाठी प्रसिद्ध आहेत, एकाकडे उबदार वाजतात आणि दुसऱ्याकडे कोरडे. त्यांच्याशी यू१२टी ताडताना लक्षात ठेवा की यू१२टीमध्ये हा फरक पडू नये म्हणून मुद्दाम सोय केलेली आहे. प्लॅनर आणि बहुतेक सिंगल डायनॅमिक (हे ड्रायव्हरचे दुसरे प्रकार) वाल्यांनी एवढी काळजी करायची गरज नाही. मी तुलनेसाठी एक ओहमच्या आतला साधा डोंगल वापरतो. ट्यूब अँप घरच्या रविवारसाठी.

बाकीच्या, थोडक्यात

फोनमधलं डॉल्बी, ईक्यू आणि स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन बंद करा. आधी हे, मग तक्रार.

लोकलमधून तासभर येऊन लगेच ऐकायला बसू नका. थकलेल्या कानांना सगळंच मंद वाटतं.

बर्न-इनसाठी (नवे आयईएम वाजवून ‘मुरवण्यासाठी’) रात्रभर नॉइज वाजवत ठेवण्यापेक्षा ते स्वतः ऐका. ‘उघडतो’ तो बऱ्याचदा आपला मेंदू.

आयईएम काढून दुसरे घालेपर्यंत पहिल्याची सूक्ष्म आठवण पुसट होते. म्हणून दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा आलटून पालटून ऐका, आख्खं गाणं नाही. त्यानंतर मात्र एकेकासोबत दोन-चार दिवस राहा. हे दुसरं कुणी करत नाही, कारण परताव्याची मुदत संपायच्या आत पोस्ट टाकायची असते.

फक्त चकचकीत इंग्रजी ऑडिओफाइल मुद्रणांवर ऐकू नका. तानपुऱ्याची जवारी ट्रेबलमधला खोटेपणा पटकन उघडा पाडते. वरच्या भागात एखादी जागा उचललेली असली की तारांमधली एकच झण्ण पुढे येते आणि बाकीचा झंकार मागे पडतो. बेससाठी डग्ग्यावरची मींड घ्या. सूर सरकताना एखाद्या ठिकाणी अचानक फुगला तर तो फुगवटा आयईएमचा आहे. ढोलकीची शाई आणि चाट वेगवेगळी ऐकू आली की मिड-बेसबद्दल फार विचारायला लागत नाही.

एक बाजू हळू वाजतेय

पावसाळ्यात मुंबई आणि कोकणातून हमखास येणारी तक्रार. ‘ड्रायव्हर गेला’ म्हणून लोक रडकुंडीला येतात. आधी केबलच्या बाजू अदलाबदल करून बघा. दोष केबलबरोबर सरकला तर ती बदला. आयईएमबरोबरच राहिला तर नळीच्या जाळीत मळ किंवा घामाचा ओलावा असण्याची शक्यता जास्त. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झटका आणि रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डबीत ठेवा. टाचणी घालू नका. जाळीमागचा डॅम्पर (आवाजाची धार कमी करणारा पडदा) फाटला तर ती बाजू कायमची टोचरी होते, आणि दुरुस्तीला पाठवलेलं खोकं परदेशातून परत येईपर्यंत दिवाळी उजाडते.