हायब्रिड कोर्स आखताना: ऑनलाइन काम आणि वर्गाचा तास यांची सांगड

हायब्रिड कोर्स, म्हणजे काही भाग ऑनलाइन आणि काही वर्गात घेतला जाणारा कोर्स, बहुधा एकाच कारणाने फसतो. जुना कोर्स जसाच्या तसा ठेवून त्यावर व्हिडिओ, क्विझ आणि ऑनलाइन चर्चा चढवल्या जातात. विद्यार्थ्यांना काम दीड कोर्सचं पडतं, श्रेयांक मिळतात एकाचेच. म्हणून आधी तास मोजा. समजा आठवड्याला वर्गात २ आणि बाहेर ४ तास आहेत. मग व्हिडिओ, वाचन, क्विझ, लेखन सगळं त्या ४ तासांतच बसायला हवं. ४० मिनिटांचा व्हिडिओ थांबवत, टिपणं काढत पाहायला तासाहून जास्त लागतो, हेही धरा. नवं काही घालायचं तर जुनं काय काढणार ते आधी ठरवा. चौथ्या आठवड्यात विद्यार्थ्यांना निनावी विचारा की प्रत्यक्षात किती तास लागतात. शिक्षकाचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो.

आखणी शेवटाकडून करा. सत्राअखेर विद्यार्थ्याला काय करता यावं, ते कोणत्या कामातून दिसेल आणि त्यासाठी कोणतं साहित्य लागेल, या क्रमाने. ‘संकल्पना समजेल’ असं उद्दिष्ट लिहिलं तर ते तपासायचं कसं? ‘दिलेल्या आकडेवारीतून निष्कर्ष काढून त्याचं समर्थन करेल’ हे तपासता येतं. जे एकट्याने, आपापल्या वेगाने जमतं ते ऑनलाइन ठेवा. जिथे विद्यार्थी अडखळतात किंवा वाद घालावा लागतो, ते वर्गासाठी राखा.

खरी कसोटी या दोहोंच्या जोडावर लागते. तास गुरुवारी असेल तर ६ ते ९ मिनिटांचे, प्रत्येकी एकाच मुद्द्याचे दोन-तीन व्हिडिओ शनिवारी खुले करा. त्यावर ४-५ प्रश्नांचं क्विझ बुधवारी संध्याकाळी बंद व्हावं. त्याला थोडे गुण ठेवा. शून्य गुणांचं क्विझ फार थोडे सोडवतात. रात्री निकाल पाहा आणि सर्वाधिक चुकलेल्या प्रश्नानेच तास सुरू करा. आधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर नोंदवायचं. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मेझर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर द्यायला सांगतात. त्याहून कमी आली तर मुद्दा नव्याने समजावायचा, जास्त आली तर पुढे जायचं.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळा: अर्ध्यांनी व्हिडिओ पाहिला नाही म्हणून तोच वर्गात पुन्हा शिकवणं. पुढच्या आठवड्यात उरलेले अर्धेही पाहणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

ऑनलाइन चर्चेत ‘तुमचं मत मांडा’ असं लिहिलं की एकाच उत्तराच्या तीस आवृत्त्या मिळतात. ५-६ जणांचे गट करा आणि दोन बाजूंनी खरोखर लढवता येईल असं प्रकरण द्या. पहिली नोंद मंगळवारपर्यंत, प्रतिसाद शुक्रवारपर्यंत. दोन्हींना एकच मुदत दिली तर सगळं शेवटच्या रात्री येतं. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची नोंद केल्याशिवाय इतरांच्या नोंदी दिसत नाहीत असा फोरमचा प्रकार आहे, तो वापरा. प्रत्येक नोंदीला शिक्षकाने उत्तर द्यायची गरज नाही. दोन चांगल्या नोंदी वर्गात वाचून दाखवल्या तरी पुरे.

व्हिडिओत चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांत पारिभाषिक शब्द हमखास बिघडतात, ते हाताने सुधारा. ‘मागच्या सोमवारी सांगितल्याप्रमाणे’ असं बोलू नका. पुढच्या वर्षी तो व्हिडिओ वापरता येत नाही.

काही विद्यार्थी खोलीत आणि काही पडद्यावर एकाच वेळी असतील, तर हे सर्वांत अवघड. शक्य असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर खोलीतल्या प्रश्नांसाठी वेगळा माइक ठेवा, नाहीतर प्रत्येक प्रश्न उत्तराआधी स्वतः मोठ्याने म्हणा. चॅट पाहायचं काम पाळीपाळीने एका विद्यार्थ्याला द्या. गटकामात पडद्यावरच्यांचे गट वेगळे करा. मिश्र गटात खोलीतले आपसात बोलत बसतात आणि पडद्यावरचे नुसते ऐकत राहतात.