लिटल आणि अ लिटल, 'अ' गाळू नका बघा

माझ्या मामेबहिणीनं बेळगावात एका शोरूमच्या इंटरव्ह्यूला 'आय नो लिटल कन्नड' असं सांगितलं. तिला कन्नड चांगलं बोलता येतं, शनिवारच्या बाजारात भाव करून भाजी आणते, फक्त लिहिताना अडतं, तर समोरच्यानं कागदावर कन्नड येत नाही असंच लिहून घेतलं आणि पोरगी रडवेली होऊन घरी आली.

तिला म्हणायचं होतं 'अ लिटल'. नुसतं 'लिटल' म्हटलं की फारसं न्हाई, जवळजवळ न्हाईच, आणि 'अ लिटल' म्हटलं की थोडंफार हाय, काम भागतंय. आपल्याकडच्या माणसाला हे कन्नडवरनं पटकन कळतं, जिथं 'स्वल्प बरतैति' (थोडं येतंय) म्हणाल तिथं अ लिटल, जिथं 'अष्टु बरल्ल' (तेवढं येत न्हाई) म्हणाल तिथं नुसतं लिटल.

समजा पातेल्यात तळाला दोन बोटं दूध उरलंय आणि दारात पाहुणे आलेत. 'देअर इज अ लिटल मिल्क' म्हणालात तर चहाचं आधण चढणार, 'देअर इज लिटल मिल्क' म्हणालात तर कोणीतरी पिशवी घेऊन दुकानात पळणार. दूध तेवढंच हाय.

हे दूध, पाणी, वेळ असल्या मोजता न येणाऱ्या गोष्टींना, मोजता येतात तिथं फ्यू आणि अ फ्यू, आणि 'अ' चा नियम तिथंपण तोच. एक जागा मात्र हमखास फसवते, आपण 'पैसे' अनेकवचनी म्हणतो म्हणून पोरं 'अ फ्यू मनी' लिहितात, ते 'अ लिटल मनी' पाहिजे, रुपये म्हटलं तर 'अ फ्यू रुपीज'.

आकार सांगायचा तर शक्यतो स्मॉल वापरा. घर बारकं हाय म्हणजे 'माय हाऊस इज स्मॉल', शर्टाचं मापपण स्मॉलच. लिटल मध्ये माया असते, 'अ नाइस लिटल हाऊस' म्हणजे छान छोटंसं घर, नाइस आधी आणि लिटल मागनं, उलटं करू नका. बारका भाऊ सहा फुटी झाला तरी लिटल ब्रदरच, आणि करंगळी म्हणजे लिटल फिंगर. तुलना करताना आकाराला स्मॉलर, प्रमाणाला लेस, लिटलर सहसा कोण म्हणत नाही.

खानापूरची बस थोडी लेट असेल तर 'अ लिटल लेट'. फोनवर समोरचा भराभर इंग्लिश बोलायला लागला तर 'अ लिटल स्लोअर, प्लीज' म्हणा, त्यात लाजायचं काय न्हाई.

मामेबहिणीचा पुढचा इंटरव्ह्यू धारवाडला हाय. तिच्याकडनं रोज एवढंच म्हणून घेतोय, 'आय स्पीक कन्नड वेल, अँड आय कॅन राइट अ लिटल.'