अँबेसेडरच्या प्लग वायर: क्रम बरोबर असूनही मिसिंग का?

प्लग वायर नव्या टाकल्या, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) दोनदा तपासली, न्यूट्रलमध्ये इंजिन मक्खन चालतं. पण नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबला की ठोके चुकतात (हेच मिसिंग), मधूनच कार्ब्युरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो. अशी तक्रार आली की पहिला हात कार्ब्युरेटरलाच घातला जातो. तो खोलण्याआधी वायर कशा पडल्या आहेत ते बघा. चारही वायर केबल टायने एका जुडीत आवळून बांधल्या असतील, तर दोष बहुधा तिथेच आहे.

इथली माहिती १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची आहे. डिझेल अँबेसेडरला स्पार्क प्लगच नसतात, तेव्हा त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

या इंजिनाचा क्रम १-३-४-२. रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबरचा. डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर; त्याच्या झाकणाखाली (कॅपखाली) फिरणारा तुकडा म्हणजे रोटर, तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. जुन्या कॅपवर कोणी रंगाने आकडे टाकलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका. इंजिन कधी खोललं गेलं असेल आणि डेल्कोचा ड्राइव्ह वेगळ्या दातावर बसला असेल, तर एक नंबरची जागा बदललेली असते. खात्रीचा मार्ग असा: एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्या माणसाला हँडलने इंजिन हळूहळू फिरवायला सांगा. अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला की कॉम्प्रेशन आलं. पुढे पुलीवरची खूण टायमिंगच्या काट्यासमोर येईपर्यंतच फिरवा. आता कॅप काढून रोटरचं तोंड कुठे आहे ते पाहा. त्यासमोरचं भोक एक नंबरचं. तिथून उलट दिशेने ३, ४, २.

आता मूळ मुद्दा. एका वायरमधून पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका गेला की तिला चिकटून लांबवर समांतर जाणाऱ्या वायरमध्येही करंट उठतो. तीन नंबर पेटतो, त्या क्षणी चार नंबरचा पिस्टन तळाशी असतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण नुकतंच भरलेलं, दाब नाहीच्या बरोबर. दाब कमी असला की ठिणगीला जोर लागत नाही. उसन्या करंटवरही ती पडते, मिश्रण अर्धा फेरा आधीच पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला उलटा तडाखा बसतो. दोन आणि एकचं नातंही असंच. चढावरच त्रास का होतो? ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये माल जास्त भरतो, दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि शेजारच्या वायरमध्ये उठणारा करंटही तितकाच वाढतो.

म्हणून १ आणि २ शेजारी नकोत, ३ आणि ४ शेजारी नकोत. १-३ आणि ४-२ या जोड्याही पाठोपाठ पेटतात, त्याही चिकटवू नका. उरल्या दोनच जोड्या: १-४ आणि २-३. या खुशाल एकत्र न्या. एक पेटतो तेव्हा चारमधला जळका धूर बाहेर पडून गेलेला असतो. तिथे ठिणगी पडली तरी जळायला काही नसतं. बाकीच्या वायरमध्ये निदान दोन बोटं अंतर ठेवा, आणि एकीला दुसरीवरून न्यावंच लागलं तर अधिकच्या चिन्हासारखी आडवी न्या. कॉइलची (जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाची) मधली वायर या सगळ्यांपासून वेगळी, आणि डेल्कोतल्या पॉइंटकडे जाणाऱ्या बारीक वायरपासूनही दूर.

लांबी सुतळीने मोजा. कॅपपासून प्लगपर्यंत वायर जशी जाणार तशीच सुतळी धरा आणि दोन-तीन सेंटीमीटर जास्त ठेवा, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं. ताणलेली वायर कॅपमधून निसटते, फार सैल असली तर पंख्याकडे किंवा गरम भागाकडे झुकते. या इंजिनात प्लग एका बाजूला आणि एग्झॉस्ट दुसऱ्या बाजूला, ही सोयच म्हणायची. ज्या गाडीत दोन्ही एकाच बाजूला असतात, तिथे वायर एग्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब हवी.

वायर ७ मिलिमीटरची, तांब्याच्या गाभ्याची घ्या. जुन्या डेल्कोच्या कॅपमध्ये वायर बाजूने शिरते आणि आतून टोकदार स्क्रू तिच्या गाभ्यात घुसतो. कार्बन गाभ्याच्या वायरला हा स्क्रू धड पकड घेत नाही; काही दिवस चालतं, मग मिसिंग. तांब्याची वायर सोलायची नाही. टोक सरळ कापा, स्क्रू सैल करा, वायर तळाला लागेपर्यंत ढकला आणि मग आवळा. कॉइलच्या तोंडाशी चुडीचं नट असेल तर मात्र तिथलं टोक अर्धा सेंटीमीटर सोलून, पितळी वॉशरमधून काढून, तारा वॉशरवर फाकवाव्या लागतात. रेडिओत खरखर येत असेल तर प्लगवर ५ किलोओहमच्या टोप्या लावा. मल्टिमीटरवर मग प्रत्येक वायर ५ किलोओहमच्या आसपास दाखवेल. एखादी फारच वेगळी दिसली तर तिची टोपी बदला.

नवतपात (मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली रबर कडक होतं. वायर हळूच वाकवून पाहा. भेगा दिसल्या की सगळा सेट काढा, एक-एक बदलत बसू नका. काढताना वायर ओढायची नाही, टोपी धरून पिळायची. उन्हाळ्यात आणखी एक गफलत होते. गाडीतल्या पेट्रोल पंपात गॅस धरला, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ अडली, तरी गाडी झटके देते, पण ती पेट्रोलला तरसते, दम तुटत बंद पडते आणि गार झाली की पुन्हा सुरू होते. पंपावर ओलं फडकं टाकून फरक पडला तर वायरींना दोष देऊ नका. फडक्याचं पाणी प्लगवर ठिबकणार नाही एवढं पाहा.

शेवटची तपासणी रात्री करा, दिवे बंद करून. इंजिन सुरू ठेवून बॉनेट उघडा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर हलका फवारा मारा. इन्सुलेशन जिथे फुटलं असेल तिथे निळ्या ठिणग्या दिसतील. पंख्यापासून ओढणी, बाही आणि हात लांब. चालू इंजिनावर वायर हाताने ओढून ‘कोणता सिलिंडर मरतोय’ ते बघायचा नाद सोडा: झटका जबर लागतो, आणि मोकळ्या सुटलेल्या वायरमुळे कॉइलच्या आतलं इन्सुलेशनही जातं. सिलिंडर तपासायचाच असेल तर इंजिन बंद करून वायर काढा, तिला जुना प्लग लावा, प्लगचं अंग ब्लॉकला घट्ट टेकवून बांधा आणि मग स्टार्ट करा.