पुराची दुसरी पिशवी नातेवाइकांकडे ठेवा

सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या बऱ्याच घरांत पुरासाठी पिशवी भरलेली असते, पण ती घरातच. पाणी रात्रीत चढलं किंवा आपण नेमके गावाला गेलेलो असलो, की ती हाताला लागत नाही. म्हणून तशीच दुसरी पिशवी उंचावरच्या नात्यातल्या घरी ठेवून द्या.

१. घर निवडताना आधी रस्ता बघा. २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. त्यामुळे पूल किंवा ओढा न ओलांडता जाता येईल असंच घर धरा, मग ते मावसभावाचं असो की जुन्या शेजाऱ्यांचं.

२. पिशवीऐवजी घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बादली घ्या. उंदीर आणि ओल, दोन्हींपासून सुटका. वर आपलं नाव लिहा.

३. आत प्रत्येकी दोन जोड कपडे, चादर, जुना चष्मा, चार्जर, टॉर्च (सेल वेगळे), गोळ्या, घराची दुसरी किल्ली. आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँक पासबुकाच्या झेरॉक्स. आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर. मोबाईल बंद पडला की बायकोचा नंबरही आठवत नाही!

४. मृग लागायच्या आत बादली उघडून मुलांचे कपडे आणि गोळ्यांच्या तारखा तपासा.

इन्सुलिन, दागिने आणि मूळ कागद मात्र त्यात ठेवू नका. ते सोबतच न्यायचे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आहे. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता तेव्हाच निघा.